लाल गोळा आला की दाबायचं नाही

इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या एका चाचणीत मी माझ्या वडिलांना पास केलं, आणि तो निकाल रंगीत छापून गावच्या मानकऱ्यांच्या हातात दिला.

त्या वर्षी मी इतरही गाढवपणा केला. पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरलं. विभागप्रमुखांच्या मुलीच्या लग्नाला म्हणून गेलो आणि शेजारच्या हॉलमधल्या भलत्याच लग्नात जेवून, नवरदेवाशी हात मिळवून, फोटोत उभा राहून परत आलो. पण ते सगळं निस्तरता आलं. डिझेल काढून टाकता येतं. आणि विभागप्रमुखांना माझ्याकडून याहून वेगळी अपेक्षा नव्हतीच.

मी डिचोलीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो आणि राहतो पेडण्यात, कोरगावला. शिकवता शिकवता पीएच.डी. करतो. म्हणजे, करतोय असं सांगतो. विषय आहे माणसाचा आवर. मनात आलेली गोष्ट तोंडावाटे, हातावाटे बाहेर पडण्याआधी माणूस तिला धरतो कसा, आणि वय झालं की ही पकड ढिली होते का. याला इंग्रजीत एक भारदस्त नाव आहे आणि परिभाषाकोशात त्याहून भारदस्त. घरी मी ‘ब्रेक’ म्हणायचो. आईला तेवढ्यात कळायचं.

हा ब्रेक मोजायला आता मोठा सरंजाम लागत नाही. कुठल्या कुठल्या विद्यापीठांतल्या सज्जन माणसांनी असल्या चाचण्या तयार करून नेटवर कुणालाही खुल्या ठेवल्यात. उतरवून घ्या, आपल्या भाषेत सूचना घाला, लॅपटॉपवर चालवा. अक्षरं ‘हिरवा’ अशी आणि शाई लाल, तर शाईचा रंग सांगा, ही एक. बाणांच्या रांगेत फक्त मधल्या बाणाची दिशा ओळखा, ही दुसरी. मी निवडली सगळ्यांत सोपी. पडद्यावर हिरवा गोळा आला की स्पेसबार दाबायचा. लाल आला की दाबायचं नाही. संपलं. मेख अशी की हिरवे पुष्कळ येतात, भराभर येतात, बोटाला चटक लागते. मग मधेच एक लाल. डोळ्याला दिसतो, मनाला कळतो, आणि बोट तरीही दाबून मोकळं होतं. असा स्पेसबार चुकून किती वेळा दाबला गेला, त्यावरून ब्रेक किती शाबूत ते समजतं.

चाचणीच्या पानावर तळाशी एक ताकीद होती: ही संशोधनासाठी आहे, एखाद्या माणसाला आजार आहे की नाही हे ठरवायला वापरू नये. ते वाक्य मी स्वतः मराठीत आणलं. बरं आणलं होतं. गाईडनी त्याची तारीफही केली.

डिचोलीत मी ती चाचणी दिसेल त्याच्यापुढे धरायचो. खाणीवर ट्रक चालवणारे एक गृहस्थ होते, मूळचे सिंधुदुर्गातले. त्यांनी यच्चयावत लाल गोळ्यांवर दाबलं. मी म्हटलं, “अहो, लाल आला की थांबायचं.” तर म्हणाले, “मास्तर, ट्रिपा भरूच्या असल्यार लाल बघून कोण थांबता? तुमी थांबतास?” काजूची भट्टी लावणारे एक म्हातारे होते. सूचनेतलं ‘जमेल तितक्या लवकर’ मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. “इतकी घाय आसा तर तूच दाब मरे.”

असे दिवस चालले होते. मजेत होतो मी.

बाबा वीज खात्यात मीटर वाचायचे. कोरगावपासून चोपड्यापर्यंत घरोघर, आधी सायकलवर, मग स्कूटरवर. मीटर कुणाच्या पडवीत, कुणाच्या आतल्या खोलीत. त्यामुळे या मुलखातली भांडणं, रुसवे, दारू, चोरून ओढलेल्या वायरी, सगळं त्यांनी पाहिलेलं. आणि नोकरीच्या अख्ख्या काळात त्यातलं एक अक्षर त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नाही. आई खोदून विचारायची, “त्या घरात काय झाला म्हणे?” बाबा पाटावर बसता बसता म्हणायचे, “युनिट वाढले.”

पण गावात त्यांना मान होता तो वेगळ्या कामासाठी. शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणात, मांडावर गाऱ्हाणं बाबा घालायचे. मांड म्हणजे वाड्यावर, वस्तीत राखलेली ती मोकळी जागा, जिथून ढोलताशांचं रोमट, म्हणजे मिरवणूक निघते. निघण्याआधी नारळ ठेवून एकाने सगळ्या गावाच्या वतीने देवाला साकडं घालायचं, आणि तो जिथे थांबेल तिथे जमलेल्या पुरुषांनी एका दमात म्हणायचं, “व्हय म्हाराजा!” हे काम आमच्या घराण्याकडे चालत आलेलं. बाबांचा आवाज काही मोठा नव्हता. पण कुठे थांबायचं ते त्यांना असं साधलेलं की लोकांच्या तोंडून ‘व्हय म्हाराजा’ शिंक यावी तसं निघायचं. म्हणू की नको, असा प्रश्नच कुणाला पडत नसे.

मग बाबा बदलले. विसरायला लागले असते तर आम्हाला लवकर कळलं असतं. ते विसरत काहीच नव्हते. बोलायला लागले.

पहिल्यांदा पोदेराला. सायकलवर पाव घेऊन येणारा तो बिचारा भोंपू वाजवत दारात थांबला, आणि बाबा म्हणाले, “तुझो पाव रोज ल्हान जाता आणि तू रोज जाडो जातंस.” तो हसला, आम्हीही हसलो. मग एका मयताच्या घरी बसायला गेलो होतो. घरधनी गेलेला, बायका रडत होत्या. बाबा त्या बाईसमोर उभे राहिले आणि चारचौघांत म्हणाले, “बरा झाला गो. आता तुका मारूक कोण नाय.” रडणं टक्कन थांबलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. 

त्यानंतर आई त्यांच्याबरोबर सगळीकडे जायला लागली. दुकानात, देवळात, लग्नामुंजीत, बाकावर त्यांना चिकटून बसायची. म्हातारपणी माणसांचं प्रेम वाढतं, असं मी समजलो. मानसशास्त्र शिकवतो ना मी.

शिगमा जवळ आला तसे मानकरी आमच्या पडवीत येऊन बसले. नात्याने माझे चुलतकाका लागतात. बाबा आत आंघोळीला गेले होते. काकांनी पानाला चुना लावला, तो जरा जास्तच वेळ लावत राहिले.

“बाबू, औंदा गाऱ्हाणा दुसऱ्या कोणाकतरी देवया. तुझ्या बापाशीचा तोंड सुटला.”

“सुटला ता तुमी कशावरना ठरवतास? मोजलास?”

“तोंड काय मीटर आसा मोजूक?”

“मोजूक येता,” मी म्हटलं. “मी मोजून दाखयतंय.”

दाराआड आई उभी होती. काका गेल्यावर ती बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. बाबा तोवर आंघोळ करून, ओल्या पंच्यानिशी तुळशीपुढे उभे राहून गाऱ्हाणं घोकत होते. रोज सकाळी घोकायचे. रिटायर झाल्यापासून त्यांच्या दिवसाला तेवढंच एक दार होतं. तिथून ते दिवसात शिरायचे.

“ता काडून घेतला तर सकाळी उठतले कित्याक?” आई म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी मी पडवीत स्टुलावर लॅपटॉप मांडला. बाबांना कदेलावर बसवलं, हातेवाली जुनी खुर्ची, त्यांच्याखेरीज तिच्यावर कुणी बसत नाही. सूचना मोठ्याने वाचून दाखवल्या. आई आपला पाट ओढून त्यांच्या बाजूला सरकली, मग उठली, वेताचा उंच मोडा आणून त्यावर बसली, आणि तिने बाबांच्या पाठीवर हात ठेवला.

आई बाबांच्या पाठीवर हात ठेवून बसलीय, हे दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्यात कुणाचेच आईबाप तसे बसत नाहीत. मी थट्टा केली. “आई, फोटो काढू काय?”

“तुझा काय ता काम कर,” ती म्हणाली.

मी समोर बसलो, म्हणजे लॅपटॉपच्या पाठीमागे. नियमच आहे तसा. तपासणाऱ्याने पडदा पाहू नये, नाहीतर त्याच्या तोंडावरून समोरच्याला उत्तर कळतं. मी नियमाने मान खाली घातली आणि मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर पाहत बसलो. स्पेसबारचा आवाज येत होता. टप. टप. टप. मधे एखादी शांतता. पुन्हा टप.

निकाल पाहिला आणि माझा मलाच विश्वास बसेना. लाल गोळ्यांवर चूक जवळजवळ नाहीच. माझ्या वर्गातली पोरं याहून वाईट करतात. हिरव्यावर दाबायला मात्र वेळ बराच लागत होता, आणि तो लागत होता अगदी एकसारखा, कुणी ठेका धरल्यासारखा. शहाण्या माणसाने इथे थांबून डोकं खाजवलं असतं. मी शेरा लिहिला: ‘वयोमानानुसार मंद’. आणि नाचलो. खरोखर पडवीत नाचलो. बाबांनाही नाचवलं. बाबा हसत होते. आई मोडा उचलून आत गेली.

डिचोलीतून रंगीत छापून आणलेला तो कागद काकांनी चष्मा लावून लांब धरून पाहिला.

“ह्यात तोंड खंय दिसता?”

“काका, ह्यो बोटाचो निकाल. पण बोट आणि तोंड एकाच ब्रेकावर चलता.”

“आणि ह्यो उंच हिरवो खांब कसलो?”

“ता चांगला.”

काकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. “बरा तर. शिकललो माणूस सांगता.”

मेहनतीने मराठीत आणलेलं ते तळाचं वाक्य मला तेव्हा आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण ते परक्या लोकांसाठी आहे असं मला वाटलं.

शिगम्याच्या दिवशी मांड भरला. बायका मांडावर उतरत नाहीत, त्या गडग्यापलीकडे, दगडी कुंपणाच्या बाहेर उभ्या राहून बघतात. आई बाबांना धरून गडग्यापर्यंत आली आणि तिथे थांबली. बाबांचा पांढरा सदरा तिने खांद्यावर झटकला, तिथे काही नव्हतं तरी. मग मला म्हणाली, “तेंच्या लागी उभो रव. हात लावन ठेव.”

“पडाचे नाय गो ते,” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मागे ढोल घुमायला लागले होते. ती बायकांत गेली.

मी बाबांच्या कोपराला हात लावून उभा राहिलो, पडू नयेत म्हणून.

बाबांनी नारळ ठेवला, डोळे मिटले. “बा देवा म्हाराजा! शीमेवरच्या, वाटेवरच्या, पाण्यावरच्या समेस्त राखणदारांनो! आज ही तुमची लेकरां हात जोडून उभी रवली आसत रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“शेताक पाणी दी, काजीक मोहर दी, परगावाक गेल्ल्या झीलांक घरची वाट दाखय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

काय आवाज लागला होता! मी गर्दीत काकांना शोधलं. ते माझ्याकडे बघून मान डोलावत होते. पाहिलंत? अशा अर्थाने मी भुवया उडवल्या. इथे गाऱ्हाणं संपतं. इथे नारळ उचलायचा असतो.

बाबांनी नारळ उचलला नाही.

“वयल्या वाड्यावर पंपाक चोरून वायर घातलेली आसा. तेंका बुदी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

आधी उत्तर गेलं, मग हशा आला. वरच्या वाड्यावरचे ते गृहस्थ माझ्या पुढ्यातच होते. तेही ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. नंतर त्यांनी शपथेवर नाकारलं, पण मी माझ्या कानांनी ऐकलंय.

“व्हाळाकडची सून माहेराक गेली ती बाळंतपणाक नाय. मार खाऊन गेली. समद्यांका म्हायत आसा. तिका सुखी ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हा...” अर्धे म्हणाले आणि अर्ध्यावर गप्प झाले.

मला कळत होतं की थांबवायला हवं. मी त्यांचं कोपर दाबलं. त्यांना वाटलं मी धीर देतोय. आवाज आणखी चढला.

“माझो झील शिकता. शिकता, शिकता, शिकतच आसा. तेचा शिकाप एकदा पुरा कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” त्या दिवसातला सगळ्यांत मोठा गजर तो. कुणीतरी ढोलावर एक टिपरीसुद्धा हाणली. मीही हसलो. हसण्यावारी जातंय, निभावतंय, असं वाटून मी कोपरावरचा हात ढिला केला.

“आणि माझी बायल,” बाबा म्हणाले. आवाज एकदम खाली आला. सगळे ऐकायला पुढे झुकले. “न्हाणयेत जाता, नळ सोडता आणि रडता. तिका वाटता माका कळणा नाय. माका कळता रे म्हाराजा. कळता, पण धरूक येणा नाय. ती दमली. आता तिका सोडय. माका घेऊन जा रे म्हाराजा!”

आणि थांबले. अगदी जिथे थांबायचं असतं तिथे.

“व्हय म्हाराजा!” अख्खा मांड म्हणाला.

मीही म्हणालो. त्यांच्या शेजारी उभा राहून, छाती भरून म्हणालो.

मग कुठेतरी एक म्हैस रेकली, तेवढंच. कुणी कुणाकडे बघेना. काकांनी पुढे होऊन घाईघाईने नारळ फोडला, ढोल सुरू झाले, रोमट निघालं. मी गडग्याकडे पाहिलं. बायकांनी आईभोवती जागा सोडली होती. ती एकटीच उभी होती, पदर नीट, तोंड नीट.

घरी येताना बाबा खुशीत होते. “बरा झाला मरे? समदे बोलले.”

“बरा झाला, बाबा.”

तिन्हीसांजेला मी स्वयंपाकघरात गेलो. आई चहाचं आधण ठेवून त्याकडे बघत उभी होती.

“आई, लोकांनी ता मुद्दाम म्हणूक नाय,” मी सुरू केलं. “सवयीचा काम ता. वर्सानुवर्सां गाऱ्हाणा घालणारो थांबलो की आपण बोलतो. डोक्यापर्यंत शब्द पोचायच्या आधीच तोंड...”

“तुझो आवाज ओळखतंय मी,” ती म्हणाली.

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी ज्या विषयात पीएच.डी. करतोय तो मला स्वतःला कधी जमलेला नाही. मी तिला सगळं समजावून सांगितलं. एकच उत्तर पुन्हा पुन्हा दिलं की ते कसं अंगवळणी पडतं, आणि मग नको त्या वेळी कसं आपोआप सुटतं.

तिने चहा गाळून माझ्या हातात दिला. “म्हणजे लाल इलो आणि तू दाबलंस.”

“तुका काय ठावक लाल गोळ्याचा?”

“तुझ्या त्या खेळात मीच होतंय मरे. हिरवो इलो की मी तेंच्या पाठीर थापटी. लाल इलो की थापटी नाय. तेंका नुसता माझा थापटणा कळा होता.”

हातातली कपबशी मी खाली ठेवली.

मग ती बोलत गेली, पाठमोरी, ओट्याशी. कुठेही गेलं तरी बाबांचं ढोपर तिच्या हाताखाली असे. ते बोलायला तोंड उघडणार हे तिला त्यांच्या श्वासावरून कळायचं. दाबलं की ते थांबायचे, कधी कधी. त्या मयताच्या घरी बायकांत बसावं लागलं म्हणून हात पोचला नव्हता. लोकांना वाटायचं म्हातारी चिकटूबाई झाली. मलाही तेच वाटलं होतं.

“मांडार माका उभ्या रवाक येणा नाय. म्हणान तुका सांगला, हात लावन ठेव.”

“मगे धडधडीत सांगूक नको? ती चाचणी खोटी म्हणान?”

आई वळली. “कसा सांगतलंय? तू नाचा होतंस.”

नंतर आम्ही त्यांना पणजीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी टेबलावर पेनाने एकदा ठोकलं. म्हणाल्या, “मी एकदा ठोकलं की तुम्हीही एकदा ठोका. मी दोनदा ठोकलं की तुम्ही काहीच करायचं नाही.” माझ्या लॅपटॉपातलीच गोष्ट, लॅपटॉपाशिवाय. आईचा हात पुढे झालेला त्यांनी पाहिला आणि अगदी मऊपणे म्हणाल्या, “तुम्ही जरा बाहेर बसता का?”

आई बाहेर गेली. बाबा ठोकत राहिले. एकदाला ठोकलं, दोनदाला ठोकलं, डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवल्यावरही ठोकलं. मधे मधे मान वळवून दाराकडे बघायचे आणि बोट चालूच. यावेळी मी मोबाइल काढला नव्हता. सगळं पाहिलं. मेंदूचा पुढचा भाग आक्रसतोय, हे हळूहळू वाढत जाणार, औषधाने मागे येणार नाही, असं त्या म्हणाल्या. मी वर्गात हा भाग शिकवतो. फळ्यावर डोक्याचं चित्र काढून पुढच्या बाजूला रेघा मारतो.

पुढच्या शिगम्यापर्यंत बाबांचं बोलणं ओसरलं होतं. नको ते बोलायचे दिवस गेले, मग हवं तेही बोलेनासे झाले. सकाळी मात्र तुळशीपुढे उभं केलं की ओठ हलायचे. मी शेजारी उभा राहून त्या ओठांवरून गाऱ्हाणं पाठ केलं, कारण काका पुन्हा येऊन बसले होते. कागद वगैरे काही निघाला नाही. “मान तुमच्या घराण्याचो,” एवढंच ते म्हणाले. “आता तू.”

त्या दिवशी मांडावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बाबांना बसवलं. आई नेहमीप्रमाणे गडग्याशी थांबली. काकांनी हाक मारली. “वयनी, इकडे ये. तेच्या बाजूक बस. देव काय बोलाचो नाय.”  आई मांडावर आली, खुर्चीशेजारी जमिनीवर बसली, आणि तिने बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मी गाऱ्हाणं घातलं. शेत, काजू, परगावी गेलेले मुलगे. शब्द एकही गाळला नाही. प्रत्येक ठिकाणी मनात मोजून थांबलो. पण लोकांना कळेना कधी म्हणायचं ते. कुणी लवकर म्हणालं, कुणी उशिरा, एकदा नुसते काकाच म्हणाले. बाबा माझ्याकडे टक लावून बघत होते. इतकं लक्षपूर्वक त्यांनी माझ्याकडे कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं, आणि मला वेड्याला वाटलं, ओळखलं.

शेवटचं ‘रे म्हाराजा’ म्हणून मी नारळ उचलला. बाबांनी श्वास घेतला. आईच्याही ते लक्षात आलं असणार. तिने हात उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

“ह्यो कोणाचो झील गो?” सगळ्या मांडाला ऐकू जाईल अशा आवाजात बाबांनी तिला विचारलं. “ह्येच्या बापाशीन ह्येका कायच शिकवूक नाय वाटता.”